तिसऱ्या थरावरची रिकामी जागा

रात्रीचे पावणेदहा. बोरीवली पूर्वेला, देवीपाड्याच्या अलीकडे महामार्गावरून आत वळलं की दोन उंच इमारतींच्या मध्ये सिमेंटचा एक लांबट पट्टा आहे. दिवसा तिथे गाड्या लागतात. आत्ता त्या हलवल्या आहेत, मारुतीच्या देवळापुढे हॅलोजन लावलाय आणि त्याच्या उजेडात शंभर-सव्वाशे पुरुष अनवाणी उभे आहेत. पाऊस नुकताच थांबलाय. दोघंजण खराट्याने साचलेलं पाणी गटाराकडे ढकलतायत, बाकीचे आपापल्या कमरेला पंचे आवळतायत. खांद्यांवर मारलेल्या अंगदुखीच्या स्प्रेचा वास ओल्या सिमेंटच्या वासात मिसळलाय.

“नालासोपारा आलं का?” देवळाच्या पायरीवर वही घेऊन बसलेला माणूस विचारतो.

“गाडी मीरा रोडला उभी आहे. येतायत.”

“विरार?”

“विरार त्याच गाडीत.”

नालासोपारा म्हणजे आठ-दहा पोरं, विरार म्हणजे पाच-सहा. सगळी इथलीच. या दोन इमारतींच्या जागी पूर्वी बैठ्या चाळी होत्या. पुनर्विकास झाला, काहीजण वर चढले, काहींनी मिळालेली खोली विकून वसईपलीकडे दोन खोल्या घेतल्या. चाळ गेली, दहीहंडीचं पथक राहिलं. गुरुपौर्णिमेला इथे सरावाचा नारळ फुटला की पुढचे पाच-साडेपाच आठवडे ही माणसं नोकरीवरून सुटून, डबा खाऊन न खाऊन, उलट्या दिशेची लोकल पकडून इथे येतात आणि शेवटच्या गाड्यांनी परत जातात. कुणालाही याचा एक पैसा मिळत नाही. मिळतो तो टी-शर्ट, त्याच्या पाठीवर एखाद्या नेत्याचा चेहरा असतो, आणि गोपाळकाल्याच्या दिवशी टेम्पोत पुरीभाजी.

वहीवाला डोकं वर न करता नावांपुढे टिकमार्क करत चाललाय. एका नावापाशी त्याचं पेन थांबतं. तो देवळाशेजारी उभ्या असलेल्या सरांकडे बघतो. सर मान हलवतात. फुली पडते. त्या नावापुढे आधीच बऱ्याच फुल्या आहेत, मला पायरीवरूनही त्या दिसतात.

सर पन्नाशीचे, बारीक, शांत. ऐन वयात उपनगरातल्या मैदानांवर कबड्डी खेळलेले, आता अंधेरीला एमआयडीसीत नोकरी. त्यांच्या गळ्यात शिट्टी असते आणि ते ती फार कमी वाजवतात. एक छोटी शिट्टी झाली की पहिला थर बांधायला सुरुवात होते. मधले दहा-बाराजण एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून, डोकी आत घालून वाकतात. त्यांच्या पाठीला पाठीमागचे चिकटतात, त्यांना त्यांच्या मागचे, असं तीन-चार रांगांचं रिंगण होतं. बाहेरून बघणाऱ्याला ही नुसती गर्दी वाटते. आत प्रत्येकाची जागा ठरलेली आहे, कुणाचा कोपर कुणाच्या बरगडीला लागणार हेसुद्धा.

“मान आत. अजून आत,” सर म्हणतात. “डावीकडे फट आहे. भरा.”

दुसऱ्या थराचे सहाजण पोटऱ्या, मांड्या, कंबर अशा पायऱ्या करत वर जातात. मग तिसऱ्या थराचे चौघे. म्हणजे तिघे, आणि चौथ्या जागी एकोणीस वर्षांचा कॉलेजातला पोरगा, कारण तिथला नेहमीचा आज पुन्हा आलेला नाही. पोरगा चपळ आहे, वर चढतो छान. वर गेल्यावर मात्र शेजाऱ्याचा दंड कुठे धरायचा, हे त्याचा हात शोधत राहतो.

चौथा थर तिघांचा. त्यावर तीन एक्के, म्हणजे एकावर एक एकेकटे. सात थरांचा हा मनोरा या पथकाला येतो. आठाची तयारी चालली आहे. पाचव्या थरावरचा बसल्या जागेवरून उठायला लागतो आणि मला खालून तिसऱ्या थरातले दोन गुडघे लटपटताना दिसतात. थरथर खाली येते. पहिल्या थरातून कुणीतरी कण्हतं. सरांची लांब शिट्टी.

“उतरा. घाई नाही. वरून एकेक.”

उतरताना कुणी बोलत नाही. चढण्यापेक्षा उतरणं अवघड, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे, पण बक्षिसं वर हात उंचावून दिलेल्या सलामीला असतात. स्पेनमधल्या कातालोनियात असेच माणसांचे मनोरे रचतात, दोनेकशे वर्षांची परंपरा आहे, २०१० साली युनेस्कोने तिला सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. तिथे वर पोचलेला मनोरा आणि नीट उतरलेला मनोरा वेगवेगळे मोजतात, आणि उतरलेल्याला जास्त मान असतो. आपल्याकडे हा नियम आणला तर निवेदकांची पंचाईत होईल. सलामी झाली की त्यांचं लक्ष पुढच्या पथकाच्या नावावर जातं.

मी मनात एक हिशेब मांडतो. वजनं अंदाजाने धरलेली. चौथ्या थरावरचे तिघे साठ-साठ किलोचे, वरचे तिघे मिळून एकशे पस्तीस. म्हणजे तिसऱ्या थरातल्या चौघांवर तीनशे पंधरा किलो, वाट्याला साधारण ऐंशी. त्या चौघांचे सत्तर-सत्तर धरले तर दुसऱ्या थरातल्या सहांवर सहाशेच्या आसपास. त्या सहांचं वजन मिळवलं की पहिल्या थराच्या गाभ्यावर हजार किलोंच्या वर. कागदावर हा भार सारखा वाटला जातो. खरा मनोरा तसा वाटत नाही. तिसऱ्या थरातल्या एकाचा खांदा अर्धा सेकंद उशिरा ताठ झाला तर त्याचे ऐंशी किलो हवेत विरत नाहीत, शेजाऱ्यावर जातात, आणि त्याच्या खाली पहिल्या थरात जो कुणी वाकलेला असतो त्याच्यावर.

आज तिथे वाकलेला माणूस रिंगणातून बाहेर येऊन गाडीच्या बॉनेटला टेकलाय. चाळिशी ओलांडलेला, टेम्पो चालवणारा, मानेचा आणि खांद्याचा मिळून एकच गड्डा झालेला. तो उजवा हात वर करून बघतो. कानापर्यंत जातो, पुढे जात नाही.

“दाखव,” सर म्हणतात.

“काय नाय. चमकलंय.”

पावणेअकराला मोटारसायकल येऊन थांबते. पाठीवरची चौकोनी पिशवी उतरवत तिसऱ्या थराचा नेहमीचा माणूस खाली उतरतो. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, रेनकोट गुडघ्यांपर्यंत चिखलाने माखलेला. त्याला बघून काहीजण हसतात, काहीजण वळून उभे राहतात. तो आधी मारुतीला हात जोडतो, मग सरांच्या पाया पडायला वाकतो. सर त्याला मध्येच धरून उभा करतात.

“वाजले किती?”

“सर, पाऊस होता. शनिवार. पावसात ऑर्डरमागे जास्त मिळतात. दोन तासात जे होतं ते आख्ख्या दिवसात नाय होत.”

“काल?”

“काल पण पाऊस होता.”

यावर हशा पिकतो आणि लगेच विरतो, कारण वहीवाला वही मिटून उठलेला आहे. “अण्णा, आज हे संपवा,” तो म्हणतो. “रोज नको.”

सगळे पायऱ्यांभोवती गोळा होतात. अण्णा मंडळाचे जुने अध्यक्ष, बेस्टमधून निवृत्त. त्यांच्यासाठी प्लास्टिकची खुर्ची येते. दुसऱ्या खुर्चीवर सगळ्यात वरच्या मुलाची आई बसलेली आहे. ती रोज असते. मांडीवर पारदर्शक फोल्डर, त्यात मुलाचा जन्मदाखला.

वहीवाला उभ्यानेच मांडणी करतो. गुरुपौर्णिमेला नियम ठरला. न कळवता सलग तीन खाडे झाले की थरावरची जागा जाईल, माणूस रिंगणात येईल. हात वर करून सगळ्यांनी मान्य केलं, यानेही केलं. मग नियम सगळ्यांना सारखा की नाही, एवढंच सांगा.

“नियम सारखा, पण माणूस सारखा आहे का?” याच्या बाजूचा एकजण पुढे येतो. “तीन वर्षं तिसऱ्यावर तोच उभा आहे. गेल्या वर्षी दुसऱ्या पथकाने पैसे दाखवले होते. गेला का? नाय गेला. आता त्याचं पोट आहे. घरी बाळ आहे. तुम्ही वही दाखवताय.”

“पैसे दाखवले म्हणून उपकार काय?”

“उपकार नाय बोललो मी.”

“जोगेश्वरीवाले दहा लावतात,” मागून एक कोवळा आवाज, “आणि आपण सातावर मीटिंग घेतोय.”

असलं वाक्य दरवर्षी कुणीतरी म्हणतंच असणार. जोगेश्वरी इथून फार लांब नाही, पण या खेळात तो वेगळा देश आहे. तिथल्या जय जवान पथकाने २०१२ साली ठाण्यात नऊ थर लावले, ४३.७९ फूट, आणि गिनेस बुकात नाव गेलं. २०२५ च्या गोपाळकाल्याला जोगेश्वरीच्याच कोकण नगर पथकाने ठाण्यात दहा थर लावून पंचवीस लाखांचं बक्षीस घेतलं, जय जवाननेही त्याच दिवशी दहा लावले. त्याआधी २०२३ मध्ये वरळीला प्रो गोविंदा ही स्पर्धा सुरू झालेली होती, छताखाली, दिव्यांच्या झोतात. २०२२ मध्ये सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, गोविंदांना खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात आणायची घोषणा झाली आणि स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासाला बसलेली मुलं खवळली. वरच्या टोकाला खेळ असा लाखांत गेला आणि खालच्या टोकाला तो अजून पुरीभाजीवर चालतो. मधल्या पथकांची ओढाताण होते ती इथे. अपेक्षा व्यावसायिक संघाच्या, आणि माणूस ऑर्डर टाकून आलेला.

आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे दोन खेळ असेच बिनपगारी आहेत. त्यांची संघटना १८८४ साली थर्ल्स नावाच्या गावात स्थापन झाली. डब्लिनच्या क्रोक पार्कात अंतिम सामन्याला ऐंशी हजारांवर लोक बसतात, आणि मैदानावरचा खेळाडू सुट्टी संपली की शाळेत शिकवायला किंवा शेतावर परत जातो. आठवड्यातून किती रात्री सराव मागायचा, नोकरी कुणी सांभाळायची, न आलेल्या चांगल्या खेळाडूला बसवायचं की खेळवायचं, यावर तिथेही व्यवस्थापक आणि खेळाडू यांचं वाजत असतं. फरक एक आहे. फुटबॉलमध्ये सराव बुडवलेला माणूस धापा टाकतो, चेंडू गमावतो, संघ हरतो. इथे तो उशिरा ताठ होतो आणि दुसऱ्याची मान जाते.

अण्णा बोलायला लागतात. त्यांच्या काळात पाच थर लागायचे, सरावाची भानगड नव्हती, गिरणीवरून सुटलेली माणसं आदल्या आठवड्यात दोनदा उभी राहायची, झालं. निष्ठा होती. आता—

“अण्णा, पाच थर होते,” सर हळूच म्हणतात.

अण्णा थांबतात. थोडं हसतात. “हो. पाचच होते.”

आता कॉलेजातल्या पोराला पुढे ढकललं जातं. तुझं काय म्हणणं? जागा तुला मिळेल. तो अंगठ्याने सिमेंट खरवडतो. “मला आवडेल,” तो म्हणतो. “पण आज भीती वाटली. वर कोण उठतंय, कळत नव्हतं. पाय अंदाजाने ठेवला.” मला वाटतं, रात्रभरात कुणी इतकं उपयोगाचं बोललेलं नाही. मात्र त्याच्यावरून लगेच दोन्ही बाजूंचे लोक आपापला मुद्दा काढतात. एक म्हणतो, बघा, अनुभवी माणूस लागतो. दुसरा म्हणतो, बघा, तो आला असता तर याला चढवावं लागलं नसतं.

मग वरच्या मुलाची आई बोलते. उठत नाही, खुर्चीवरूनच.

“मला निष्ठाबिष्ठा कळत नाही हो. माझा मुलगा तुमच्या सगळ्यांच्या अंगावर पाय देऊन वर जातो. खाली कोण आहे ते त्याला पायाने कळतं, असं तो सांगतो. रोज माणूस बदलला तर कसं कळणार? गेल्या वर्षी दहिसरला काय झालं ते सगळ्यांना माहितीय.”

माहीत आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दहिसरच्या केतकीपाड्यात सरावाच्या वेळी पडून अकरा वर्षांचा मुलगा गेला. गोपाळकाला अजून आठवड्यावर होता. सणाच्या दिवशी पोलीस, रुग्णवाहिका, पालिकेच्या रुग्णालयांत राखीव खाटा असं सगळं असतं. सरावाच्या रात्री असतो एक हॅलोजन आणि असल्या तर गाद्या. उंचीची आणि वयाची लढाई २०१४ पासून न्यायालयांत चालली. वीस फुटांची मर्यादा आली, सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती कायम ठेवली, २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात उंचीचं बंधन सुटलं आणि चौदा वर्षांखालच्यांना थरावर चढवणार नाही हे शासनाचं म्हणणं राहिलं. या बाईंच्या मांडीवरचा दाखला त्यासाठीच आहे. मुलाला चौदा पूर्ण झालीत, तो दाखला कुणी मागितलेला नाही, तरी ती रोज आणते. विम्याचे अर्जही भरून झालेत. शासनाने २०२५ मध्ये दीड लाख गोविंदांचा विमा उतरवला होता, मृत्यूला दहा लाख. विम्याच्या यादीत नाव असणं आणि रात्री पावणेदहाला जागेवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी कुठलीच योजना नाही.

थोडा वेळ कुणी बोलत नाही. मग पुन्हा सगळे एकदम बोलतात. तीन खाडे की चार. कळवलेला खाडा धरायचा का. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर कळवलं म्हणायचं का, की सरांना फोन हवा. नालासोपाऱ्याच्या गाडीला उशीर झाला तर अर्धा खाडा का. कुणीतरी म्हणतं रविवारी दोन वेळा सराव ठेवा, आणि नालासोपारा एका सुरात ओरडतं.

मला एक गोष्ट खटकते. बोलणारे सगळे उभे राहू शकणारे, बघू शकणारे. अध्यक्ष, वहीवाला, वरच्या थरातले. पहिल्या थरातले लोक मागे गाड्यांना टेकून गुटख्याच्या पुड्या फोडतायत. मनोऱ्यात त्यांची डोकी आत, नजर जमिनीकडे, वर कितवा थर उठला हे त्यांना वजनावरून कळतं. सभेतही त्यांची डोकी आतच असल्यासारखी. फोटोत त्यांच्यापैकी एकाचाही चेहरा येत नाही, आणि कुणाची जागा ठेवायची हे त्यांना विचारायची पद्धत नाही. माझ्या मते वही अण्णांपुढे न ठेवता त्यांच्यापुढे ठेवायला हवी. न आलेल्या माणसाने मंडळाचं काय नुकसान केलं याचे दहा अर्थ निघतात. त्याने कुणाच्या खांद्यावर किती किलो टाकले याचा अर्थ एकच निघतो, आणि तो खांदा इथे बॉनेटला टेकून उभा आहे.

सरांच्याही ते लक्षात आलं असावं. ते गर्दीतून वाट काढत टेम्पोवाल्याकडे जातात. “तुझ्या अंगावरून चढतो तो, त्याचा भारही तुझ्यावरच येतो. तू सांग.”

टेम्पोवाला ओशाळतो. त्याला सभेत बोलायची सवय नाही. पुडी खिशात टाकतो. मग त्या डिलिव्हरीवाल्याकडे न बघता सरांनाच सांगत असल्यासारखा बोलतो.

“वर जाताना याचा पाय मला ओळखू येतो. टाच आधी ठेवतो, मग पंजा. ह्या बारक्याचा पाय आज हलत होता, त्याचा काय दोष नाय. पण सर, हा गेल्या आठवड्यात आला होता ना एक दिवस, तेव्हा त्याचा पण हलत होता. पाच दिवस नाय आला की हलतोच. म्हंजे जुना काय, नवा काय, मला खाली सारखंच.”

डिलिव्हरीवाला काहीतरी म्हणायला तोंड उघडतो.

“थांब. मला काय तुझ्या पैशाचं बोलायचं नाय. मी पण रात्रीची भाडी सोडून येतो. माझं गणित माझ्याकडे. तू काय ते एक सांग. येणार तर रोज ये. नाय जमणार तर रिंगणात ये, माझ्या मागे उभा राहा, रेट. तिथे एखादा दिवस नाय आलास तर दुसरा रेटेल. वर नाय चालत तसं.”

वहीवाला म्हणतो, “तेच तर मी नियमात—”

“तुझा नियम तीन खाड्यांचा आहे,” टेम्पोवाला म्हणतो. “वरच्याला एक पण जास्त झाला. आणि रिंगणातल्याला तीन कमी आहेत. तो कुठून कुठून येतो.”

नालासोपारा टाळ्या वाजवतं. अण्णा खुर्चीतून सरांकडे बघतात. सर वहीवाल्याकडून वही घेतात, शेवटचं पान उलटून काहीतरी लिहितात, खोडतात, पुन्हा लिहितात. मी मागून डोकावतो. थरांप्रमाणे वेगवेगळे खाडे मांडलेले दिसतात. तिसऱ्या थरापासून वर एक. दुसऱ्याला दोन. पहिल्या थराच्या गाभ्याला काय लिहायचं यावर त्यांचं पेन अडतं. गाभ्यातला माणूस आजवर चुकलेलाच नसावा.

“उद्या?” सर डिलिव्हरीवाल्याला विचारतात.

तो मोबाइल काढतो. स्क्रीन फुटलेली आहे, पावसाचं पाणी त्यावरून ओघळतंय. अंगठ्याने पुसत तो काहीतरी चाचपतो. उद्या रविवार, हवामान खात्याने ऑरेंज अलर्ट दिलेला आहे, म्हणजे पुन्हा पाऊस, पुन्हा ऑर्डरी. मागे महामार्गावरून मेट्रो देवीपाड्याकडे जाते, खिडक्यांत चारदोन माणसं.

“उद्या येतो,” तो म्हणतो. “दहाला चालेल?”

सर उत्तर देत नाहीत, टेम्पोवाल्याकडे बघतात. विरारची पोरं पिशव्या उचलायला लागली आहेत, त्यांना पावणेबाराची गाडी गाठायची आहे. कॉलेजातला पोरगा अजून तिथेच उभा आहे, आपली जागा राहिली की गेली हे त्याला कळलेलं नाही.

“साडेनऊ,” टेम्पोवाला म्हणतो.

“दादा, साडेनऊला कसं जमेल? कांदिवलीवरून यायचं असतं. पावणेदहा.”

“पावणेदहाला थर बांधायला घेतात. तू पावणेदहाला येणार, मग रेनकोट काढणार, मग देवाला हात जोडणार.”

“देवाला येतानाच जोडतो ना.”

“नऊ चाळीस,” टेम्पोवाला म्हणतो, “आणि ह्या बारक्याला पण रोज एकदा वर चढवायचा. तू असलास तरी.”

वहीवाला विचारतो, मग आता हजेरी कुणाच्या नावाने लावू?